गाणें कोणाचें ?

रात्रीचीं जेवणें आटोपलेलीं असतात, घरांतील मंडळी ओसरीवर पानसुपारी करीत बसलेली असते, आणि कोणीतरी एखादें जुनें गाणें गुणगुणूं लागतो. लगेच दुसरा विचारतो, "हें गाणें कोणाचें?" काका एक नांव सांगतात, मामा दुसरेंच सांगतात, थोरली वहिनी तिसऱ्याच चित्रपटाचें नांव पुढें करते, आणि शेवटीं पैज लागते. अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित घरांत हा देखावा कोणासहि नवा नाहीं. गंभीर प्रकृतीचे गृहस्थ अशा वादांस रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून हंसतात. गाणें कानास गोड लागलें म्हणजे झालें, तें कोणत्या सालचें आणि कोणीं म्हटलें याच्या उठाठेवी कशाला, असा त्यांचा सवाल असतो.

या सवालास उत्तर देण्याच्या हेतूनेंच आम्ही हा लेख लिहीत आहों. आमचें म्हणणें असें कीं, आपल्या चित्रपटांचा व चित्रपटसंगीताचा जो कांहीं खात्रीलायक इतिहास आज उपलब्ध आहे, त्याचा मोठा भाग विद्यापीठांनीं लिहिलेला नाहीं, आणि चित्रपट काढणाऱ्यांनींहि जतन केलेला नाहीं. तो अशाच रसिकांच्या चौकशांतून निर्माण झाला आहे. ज्या प्रश्नास आपण क्षुल्लक म्हणतों, त्यानें कित्येक कलावंतांस त्यांचें हक्काचें नांव मिळवून दिलें आहे.

प्रथम हा प्रश्नच नीट पाहूं. 'कोणाचें' या एका शब्दांत चार प्रश्न दडलेले आहेत. शब्द कोणाचे, चाल कोणाची, गळा कोणाचा, आणि गाणें कोणत्या नाटकांतील किंवा चित्रपटांतील? लोकांच्या स्मरणांत यांपैकीं बहुधा गळा तेवढा टिकतो. 'रणदुंदुभि' नाटकाचें उदाहरण घ्यावें. बळवंत संगीत मंडळीनें १९२७ सालीं तें रंगभूमीवर आणलें. त्यांतील मास्टर दीनानाथांचीं पदें आज जवळजवळ शंभर वर्षांनींहि मैफलींतून गाइलीं जातात, आणि ऐकणारे त्यांस बेधडक 'दीनानाथांचीं पदें' म्हणतात. हें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. त्या पदांचे शब्द अमरावतीच्या वीर वामनराव जोशी यांचे, आणि चाली रामकृष्णबुवा वझे यांच्या. ज्या माणसानें आपलें आयुष्य स्वातंत्र्याच्या चळवळीस वाहिलें, त्याच्याच लेखणींतून पारतंत्र्याविषयींची ती चीड उतरली आहे, हें एकदां कळलें म्हणजे तेंच पद निराळें ऐकूं येतें. गायकाचें नांव लक्षांत ठेवून कवीचें विसरणारा श्रोता पदाचा अर्धाच अर्थ घरीं नेतो.

वास्तविक वऱ्हाड हा नाट्यसंगीताचा जाणता प्रांत. १९०५ सालीं मुंबईस पहिलें मराठी नाट्यसंमेलन भरलें, तेव्हां अध्यक्षस्थानीं अमरावतीचे दादासाहेब खापर्डे होते. केशवराव भोसल्यांनीं गाजविलेलें 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हें नाटकहि वामनरावांचेंच. पुढें 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'मंदारमाला' हीं नाटकें लिहून संगीत रंगभूमीस पुन्हां बहर आणणारे विद्याधर गोखले जन्मले तेहि अमरावतीसच. शिवाय नाटकाच्या बाबतींत शंका फेडणें सोपें होतें. नाटक छापलेलें असे. पुस्तकावर नाटककाराचें नांव असे. पद कोणत्या चालीवर म्हणावयाचें तें पदाच्या डोक्यावर दिलेलें असे. कपाटांतील पुस्तक उघडलें कीं ओसरीवरचा वाद मिटे. बोलपट आला आणि हें सोपेपण संपलें.

'आलम आरा' हा हिंदुस्थानचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजीं मुंबईस लागला, आणि 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट ६ फेब्रुवारी १९३२ रोजीं. आरंभीं गाणारा तोच नट आणि नट तोच गाणारा अशी स्थिति होती. शांता आपटे किंवा सैगल पडद्यावर दिसत आणि ऐकूंहि येत. तेव्हां कोण गातें हें विचारण्याचें कारणच नव्हतें. १९३५ सालीं न्यू थिएटर्सच्या 'धूपछांव' या चित्रपटांत पार्श्वगायनाची युक्ति योजण्यांत आली, आणि हळूहळू ती सर्वत्र रूढ झाली. ओठ एकाचे हलूं लागले व आवाज दुसऱ्याचा येऊं लागला. चेहऱ्याचें नांव सर्वांस ठाऊक, आवाज मात्र बिननांवाचा. ग्रामोफोनच्या तबकडीवरील कागद पाहावा, तर तेथेंहि कित्येकदां गाणाऱ्याऐवजीं चित्रपटांतील पात्राचें नांव छापलेलें असे. 'हें कोण गातें?' हा प्रश्न अशा रीतीनें यंत्रानेंच उत्पन्न केला. त्याचें उत्तर देण्याची जबाबदारी मात्र कोणींहि घेतली नाहीं.

या अनास्थेस तडा पाडणारी गोष्ट १९४९ सालीं घडली. बॉम्बे टॉकीजचा 'महल' हा चित्रपट त्या वर्षीं प्रसिद्ध झाला. दिग्दर्शक कमाल अमरोही, संगीत खेमचंद प्रकाश यांचें, गीतें नक्शब यांचीं, आणि पडद्यावर अशोककुमार व मधुबाला. त्यांतील झोपाळ्यावरचें तें गूढ गीत देशभर दुमदुमलें. परंतु तबकडीवर गायिकेचें नांव काय? 'कामिनी'! म्हणजे कथेंतील पात्राचें नांव. नभोवाणीवर तें गाणें लागे आणि श्रोते पत्रांवर पत्रें धाडून विचारीत कीं ही गाणारी बाई कोण? पत्रें इतकीं आलीं कीं नभोवाणीच्या अधिकाऱ्यांस ग्रामोफोन कंपनीकडे चौकशी करणें भाग पडलें, आणि मग एके दिवशीं निवेदकानें नांव जाहीर केलें, लता मंगेशकर. 'रणदुंदुभि'तील पदांनीं ज्यांची कीर्ति झाली, त्या दीनानाथांचीच ही कन्या. पित्याच्या बाबतींत गळ्याचें नांव उरलें आणि शब्दांचें लोपलें. कन्येच्या बाबतींत गळाच पात्राच्या नांवाआड झांकला गेला होता. पार्श्वगायकांचीं नांवें तबकड्यांवर व चित्रपटांच्या श्रेयनामावलींत येऊं लागलीं तीं याच सुमारास. त्यास गायकांचा आग्रह हें एक कारण होतें. पण दुसरें कारण म्हणजे एक पोस्टकार्ड खर्चून प्रश्न विचारणारा अनाम श्रोता. त्याची जिज्ञासा क्षुल्लक होती असें आतां कोण म्हणेल?

रसिकांच्या प्रश्नांस छापील उत्तरें देण्याची प्रथा याच्या बऱ्याच आधीं सुरू झाली होती. बाबूराव पटेलांनीं १९३५ सालीं मुंबईस 'फिल्मइंडिया' हें इंग्रजी मासिक काढलें. त्यांतील वाचकांच्या प्रश्नोत्तरांचीं पानें इतकीं लोकप्रिय झालीं कीं पुष्कळ लोक मासिक उघडीत तें त्या पानांपासूनच. बाबूरावांची जीभ तिखट. उत्तर एका वाक्याचें, पण प्रश्नकर्त्याची फिरकी घेणारें. या प्रकाराचे गुण आणि दोष दोन्ही त्या पानांत दिसतात. कराचीपासून मद्रासपर्यंतच्या वाचकास संपादकाशीं थेट बोलतां येई, हा गुण. उत्तर खरें असण्यापेक्षां खुसखुशीत असण्याकडे लक्ष अधिक, हा दोष. नटीचें लग्न, नटाचा पगार, दोघांचें भांडण असल्या विषयांवरच पुष्कळसा कागद खर्ची पडे. मराठींत नाशिकच्या 'रसरंग' साप्ताहिकानें आणि त्याचे संपादक इसाक मुजावर यांनीं या जिज्ञासेस अधिक अभ्यासू वळण दिलें. मुजावरांनीं जुन्या मराठी चित्रपटांची व कलावंतांची माहिती अनेक ग्रंथांत नोंदवून ठेवली. २०१५ सालीं ते निवर्तले. जुन्या मराठी चित्रपटांविषयीं लिहूं पाहणारास आजहि त्यांचीं पुस्तकें हाताशीं ठेवावीं लागतात.

येथें वऱ्हाडची एक विशेष गोष्ट सांगितली पाहिजे. चित्रपटधंद्यानें देशाचे जे वितरणविभाग पाडले, त्यांत मध्यप्रांत-वऱ्हाडचा विभाग स्वतंत्र. मध्यप्रांत-वऱ्हाड हा प्रांत १९५० सालींच नांवानिशीं नाहींसा झाला, १९५६ सालीं विदर्भ मुंबई राज्यांत आला व १९६० सालीं महाराष्ट्रांत. परंतु चित्रपटांचे व्यापारी 'सी. पी. बेरार' हें नांव पुढेंहि वापरीतच राहिले. या विभागाच्या पेढ्या भुसावळास आणि अमरावतीस. मुंबई-पुण्याचा वितरक निराळा, आमचा निराळा. त्यामुळें मुंबईस चित्रपट ज्या दिवशीं लागला त्याच दिवशीं तो येथें लागेलच असें नसे, आणि 'अमुक चित्रपट केव्हां निघाला' या प्रश्नावर मुंबईचे काका व अमरावतीचे मामा दोघेहि आपापल्या परीनें बरोबर असूं शकत. अमरावतीच्या जीवनांत हा धंदा किती मुरला होता हें पाहावयाचें असेल तर शहरांतील चौकांचीं नांवें वाचावींत. राजकमल चौक, श्याम चौक, चित्रा चौक. चित्रपटगृहांनीं चौकांस नांवें दिलीं, आणि टांगेवाल्यापासून वकिलापर्यंत सर्वांनीं तींच पत्ता म्हणून वापरलीं.

चित्रपटाच्या पेट्यांबरोबर गाण्यांच्या चोपड्या येत. आणा-दोन आण्यांस थिएटरच्या दारांत मिळणारी ती पातळ चोपडी. तींत कथानकाचा सारांश, नटनट्यांचीं नांवें, संगीतदिग्दर्शकाचें नांव व सर्व गीतांचे शब्द असत. सारांश शेवटास येऊन 'पुढें काय झालें तें पडद्यावर पाहा' असें म्हणे. गीतकाराचें नांव बहुधा असे, गायकाचें क्वचित्. तबकडीवर कधीं गायक असे तर गीतकार नसे. म्हणजे एका गाण्याची संपूर्ण ओळख पटविण्यास चोपडी आणि तबकडी शेजारीं शेजारीं ठेवावी लागे. ज्यांनीं हें काम केलें, तेच या क्षेत्रांतले खरे संशोधक.

नभोवाणीच्या बाबतींत एक चमत्कारिक प्रसंग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. नागपूर केंद्र १९४८ सालीं सुरू झालें. १९५२ सालीं नभोवाणीचें मंत्रिपद डॉ. बाळकृष्ण केसकर यांजकडे आलें. शास्त्रीय संगीताचा कैवार घेणाऱ्या या महाराष्ट्रीय मंत्र्यांस चित्रपटगीतें नापसंत. त्यांच्या कारकीर्दींत चित्रपटगीतांचा वेळ कमी करण्यांत आला. शिवाय चित्रपटाचें नांव उच्चारणें ही जाहिरात होते, म्हणून फक्त गायकाचें नांव सांगावें असें ठरलें. निर्मात्यांनीं परवाने आवरते घेतले, आणि श्रोत्यांनीं कांटा फिरवून सिलोन गांठलें. ३ डिसेंबर १९५२ रोजीं रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी. आरंभीं सात गाणीं वाजवावयाचीं व लोकप्रियतेप्रमाणें त्यांचा क्रम श्रोत्यांनीं ओळखावयाचा, असा तो खेळ होता. बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमास नऊ हजार पत्रें आलीं असें सयानी सांगत असत, आणि पुढें हा आंकडा आठवड्यास पासष्ट हजारांवर गेला. झुमरी तलैया हें अभ्रकाच्या खाणींचें गांव केवळ फर्माइशीच्या पत्रांमुळें देशभर प्रसिद्ध झालें. ३ ऑक्टोबर १९५७ रोजीं विविध भारती सुरू करून सरकारनें माघार घेतली. तेथें गाण्यापूर्वीं चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार हीं चारहि नांवें सांगण्याची चाल पडली. ओसरीवरच्या प्रश्नाचीं चारहि उत्तरें रोज घरबसल्या मिळूं लागलीं. वऱ्हाडांतल्या लहान गांवीं ज्यानें संगीताचें कोणतेंहि पुस्तक पाहिलें नव्हतें, त्यालाहि मदनमोहन व राजा मेहदी अली खान हीं नांवें पाठ झालीं तीं यामुळें.

तथापि उत्तर देणाराहि चुकतो, आणि प्रेमामुळें तर फारच चुकतो. लताबाईंनीं एकंदर गाणीं किती गाइलीं, हा आवडता प्रश्न. गिनेसच्या विक्रमग्रंथाच्या १९७४ च्या आवृत्तींत, वीस भाषांतून पंचवीस हजारांहून कमी नाहींत, असें उत्तर छापलें गेलें. महंमद रफी यांनीं त्यास हरकत घेतली. दोन्ही पक्षांचे चाहते हजारांवर हजार चढवीत राहिले. मोजण्याचे कष्ट मात्र थोड्यांनींच घेतले. कानपूरच्या हरमंदिरसिंग 'हमराज' यांनीं ते घेतले. १९३१ ते १९८० या पन्नास वर्षांतील हिंदी चित्रपटगीतांची दशकवार सूची त्यांनीं पांच खंडांत सिद्ध केली; 'हिंदी फिल्म गीत कोश' हें तिचें नांव, आणि पहिला छापलेला खंड १९८० चा. चोपड्या, तबकड्या, जाहिराती व देशभरच्या संग्राहकांचीं पत्रें यांवरून एकेक नोंद पडताळून घेतलेली. मुंबईच्या विश्वास नेरूरकरांनीं एकेका कलावंताच्या गीतसूच्या केल्या त्याहि याच जिद्दीनें. अशा मोजणींतून दिसून आलें कीं, लताबाईंचीं हिंदी चित्रपटगीतें पांच-सहा हजारांच्या घरांत आहेत. गिनेसनेंहि पुढें ती नोंद काढून टाकली. यांत लताबाईंचें कांहीं उणें झालें काय? मुळींच नाहीं. खऱ्या पांच हजारांची थोरवी कल्पित पंचवीस हजारांहून अधिक आहे, कारण तीं एकेक करून ऐकतां व दाखवितां येतात.

दुसरा एक प्रश्न कधींच जुना होत नाहीं. हिंदुस्थानांतला पहिला चित्रपट कोणता? दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरांत लागला. पण त्याच थिएटरांत दादासाहेब तोरणे यांचें 'श्री पुंडलीक' १८ मे १९१२ रोजीं दाखविलें गेलें होतें. तोरण्यांचें चित्र म्हणजे रंगभूमीवरील नाटकाचें चित्रीकरण, आणि त्याचे संस्कार विलायतेंत झालेले. फाळक्यांनीं कथाचित्र म्हणून तें रचलें व सर्व प्रक्रिया येथेंच केल्या. 'पहिला' या शब्दाचा अर्थ ठरविल्यावांचून येथें उत्तर देणें म्हणजे दोघांपैकीं एकावर अन्याय करणें होय. चांगला उत्तर देणारा प्रथम प्रश्न दुरुस्त करून घेतो.

पुढें दूरचित्रवाणी आली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. वऱ्हाडांत ती बऱ्याच उशिरां पोंचली, पण पोंचल्यावर प्रश्नोत्तरांस स्पर्धेचें रूप आलें. २०१९ सालीं 'कौन बनेगा करोडपती' या कार्यक्रमांत अंजनगांव सुर्जीच्या बबिता ताडे यांनीं एक कोटी रुपये जिंकले. शाळेंत मुलांसाठीं खिचडी शिजविणाऱ्या या बाईंचें यश पाहून अमरावती जिल्ह्याचा ऊर भरून आला, आणि तें योग्यच होतें. मात्र स्पर्धेंतला प्रश्न आणि रसिकाचा प्रश्न यांत एक भेद आहे. स्पर्धेंत विचारणारास उत्तर आधींच ठाऊक असतें. तो उत्तर देणाराची परीक्षा पाहतो. रसिक विचारतो तें त्याला ठाऊक नसतें म्हणून, आणि कित्येकदां तें जगांत कोणासच ठाऊक नसतें. पहिल्या प्रश्नानें बक्षीस मिळतें. दुसऱ्यानें ज्ञानांत भर पडते.

आतां आपल्याच घरचीं दोन उदाहरणें पाहूं. 'उंबरठा' हा डॉ. जब्बार पटेलांचा चित्रपट १९८२ चा. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचें, म्हणजे पुन्हां दीनानाथांच्या घरचें. त्यांतील गीतें कोणाचीं असें विचारलें तर पुष्कळ जण एकच नांव घेतात. वस्तुतः त्यांत वसंत बापट आणि अमरावतीचे सुरेश भट या दोघांचीं गीतें आहेत. वीर वामनरावांच्या शब्दांस पित्यानें गळा दिला. त्याच गांवच्या भटांच्या शब्दांस पुत्रानें चाल दिली आणि कन्येनें स्वर दिला. हा योग नजरेस येतो तो चारहि नांवें जुळवून पाहिल्यावरच. दुसरें उदाहरण अकोल्याचें. 'अरे संसार संसार' या १९८१ च्या चित्रपटांत पेरणीचें व तिफणीचें एक गाणें आहे, आणि वऱ्हाडांतल्या शेतकऱ्याच्या घरीं तें ठाऊक नाहीं असें होत नाहीं. चित्रपटाच्या नांवावरून ऐकणारास खानदेशच्या बहिणाबाई आठवतात आणि गाणेंहि तो त्यांच्याच पदरीं घालतो. तें आहे अकोल्याच्या विठ्ठल वाघ यांचें. बहिणाबाईंची थोरवी एका गाण्यानें वाढत नाहीं. पण वाघांचें एक गाणें आपल्याच प्रांतांत दुसऱ्याच्या नांवावर जमा होतें, ही गोष्ट वऱ्हाडास भूषणावह नव्हे.

असे अन्याय कोणी दुष्टपणानें करीत नाहीं. ते आळसानें होतात. त्यांचें निवारण प्रत्येक घरास करतां येण्यासारखें आहे. प्रश्न निघाला म्हणजे स्मरणाची साक्ष ऐकावी, पण ती शेवटची मानूं नये. चोपडी पाहावी, तबकडीवरचा कागद वाचावा, सूची उघडावी. 'आलम आरा'ची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं, आणि मूकपटांपैकीं फारच थोडे शिल्लक आहेत. पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें तें १९६४ सालीं. म्हणजे 'राजा हरिश्चंद्र'नंतर एक्कावन्न वर्षांनीं. एवढ्या विलंबानें जें हरपलें, त्याची आठवण पुष्कळदां एका चोपडीपुरतीच उरलेली असते.

आणि त्या चोपड्या अद्यापि कोठें आहेत? आजीच्या ट्रंकेंत, माळ्यावरच्या पेटींत, जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यांत. दिवाळीच्या साफसफाईंत रद्दीवाल्यास त्या वजनावर देण्यापूर्वीं एकदां उलगडून पाहाव्या. घरीं ठेवणें शक्य नसेल तर अकोल्याच्या बाबूजी देशमुख वाचनालयाकडे, अमरावतीच्या नगर वाचनालयाकडे, किंवा जवळच्या एखाद्या ग्रंथालयाकडे त्या नेऊन विचारावें. उद्यां कोणी ओसरीवर बसून 'हें गाणें कोणाचें?' असें विचारील, तेव्हां चारहि नांवें सांगणारा तो एवढाच कागद असण्याचा संभव आहे.